परकरात आहे तोवर

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्यांतली बरीच वर्षं मुलींच्या खेळांचं काम माझ्याच गळ्यात होतं. पावसाळ्यातले सामने जवळ आले की पालकांसाठी सूचनांचा कागद मीच लिहायची. पांढरे कपडे नकोत. जाड सुती घेर नको, भिजला की पायांत गुंततो. डाव संपल्यावर मुलीला ओल्या अंगाने बसू देऊ नये. कोरडे कपडे मेणकापडात बांधून द्यावेत, केस घट्ट बांधावेत. तरुण शिक्षिका म्हणायच्या, "बाई, तुम्हाला हे तोंडपाठ कसं?" मी म्हणायची, अनुभवाने. कसला अनुभव, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. पावसात काय नेसून खेळली यावरून एका मुलीची शाळा सुटली, आणि त्यात माझा हात होता.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. माझे वडील सोलापूरची गिरणी सोडून दापोडीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते आणि आम्ही चिंचवडला, नदीकडच्या जुन्या गावात, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मी बारा वर्षांची, सातवीत. अंगात फ्रॉक, आणि आपण शहरातून आलो म्हणून डोक्यात थोडी हवा. गावातल्या मुलींना मी अडाणी समजायची. त्याही मला "फराकवाली" म्हणून चिडवायच्या, तेव्हा फिट्टंफाट होती.

वर्गात माझ्या शेजारी बसायची तिला सगळे आक्का म्हणत, कारण ती वयाने सगळ्यांत मोठी होती. पंधरा पुरी झालेली. धाकटी भावंडं सांभाळण्यात तिची सुरुवातीची वर्षं गेली, म्हणून शाळेत उशिरा आली. तिच्या वडिलांची नदीच्या वरच्या अंगाला शेती होती. सातवीच्या परीक्षेला तेव्हा फायनल म्हणत. फायनल पास झालं की गावच्या शाळेत मास्तरकी मिळू शकते, असं आमच्या बाईंनी तिला सांगितलं होतं. बाई पुण्याच्या, विशी-बाविशीच्या, गोल पातळ नेसायच्या, आणि शाळेत तेवढ्या एकट्याच बाई. त्यांचं बोलणं आक्काने मनावर घेतलं. शेळ्या राखताना ती शेळ्यांची हजेरी घ्यायची, गैरहजर शेळीला उभं राहायला सांगायची. मी हसायची. ती हसायची नाही.

त्या जूनमध्ये तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढायचं ठरवलं. बाई त्यांच्या घरी गेल्या, मीही मागोमाग गेले. वडील अंगणात दोर वळत बसले होते. बाईंनी पुष्कळ सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बरं. परकरात हाय तवर येऊ द्या शाळंत. लुगडं नेसली की मग न्हाई. ह्यो माझा शबुद." बाईंना तेवढं पुरे होतं. परत येताना त्या रस्त्याने महिने मोजत होत्या. मार्चात फायनल, म्हणजे नऊ महिने. मला वाटलं, म्हाताऱ्याने "लहान आहे तोवर" या अर्थाने म्हटलं असेल. माणसं म्हणतात तसं.

श्रावणात शाळा-शाळांचे सामने होते, चाकणला. बाईंनी पाचवी ते सातवीच्या मुली गोळा करून खो-खोचा संघ उभा केला होता. आमच्या गावात मुलींचा संघ म्हणजे नवलच. हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण अट घातली की मुली पांढऱ्या परकर-पोलक्यात खेळतील. शाळेची शोभा राहिली पाहिजे.

जुलैत एका दुपारी आम्ही तशा वेषात मैदानावर सराव केला आणि पावसाने शोभेचा पार चिखल केला. परकर भिजला की त्याचं वजन दुप्पट होतं आणि तो पोटऱ्यांना लपेटून बसतो. पाचवीतली एक पोर उठली ती परकरात पाय अडकून तोंडावर पडली, तिचा पुढचा दात तुटला. पांढरं पोलकं ओलं झाल्यावर काय होतं ते तर सांगायलाच नको. शाळेच्या ओवरीतून मोठी मुलं बघत होती आणि खिदळत होती. आम्ही दप्तरं छातीशी धरून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणीच आलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, "मुलींचं नाव मागे घ्या, बाई. पाऊसपाण्याचे हे खेळ मुलींचे नव्हेत." पांढऱ्या कपड्याचं नाव त्यांनी काढलं नाही. तो हुकूम त्यांचाच होता ना.

मला फार राग आला. मी तशी रागीटच. त्याच संध्याकाळी आक्काबरोबर तिच्या शेतावर गेले तर बाजरीत खुरपणी चालली होती. पाऊस झिमझिम पडतच होता. सात-आठ बायका, अंगावर काळी-हिरवी जुनी लुगडी, काष्टा मारून गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पोत्याची खोळ. सकाळपासून त्या तशाच भिजत होत्या. कुणाचं कापड पायात येत नव्हतं, कुणाचं अंग दिसत नव्हतं. एवढ्यात एक वासरू पिकात शिरलं, तर आक्काची आई खुरपं टाकून त्याच्यामागे अशी धावली की मी बघतच राहिले. चाळिशीची बाई, चिखलात, पावसात. मी मनात म्हटलं, आपण काय घालावं म्हणून डोकी फोडतोय आणि उत्तर इथे बांधावर उभं आहे.

बाईंना सांगितलं. त्या खुदकन हसल्या. प्रत्येकीने घरून एक जुनेर आणायचं ठरलं. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं. ते मधून फाडून निम्मं करायचं, म्हणजे लहान मुलीला ओझं होत नाही. रंग गडद हवा. वर आईची जुनी चोळी टाके घालून. बसायच्या वेळी पोत्याची खोळ, आणि कोरडे कपडे गाठोड्यात. हेडमास्तर कुरकुरले, पण काळ्या कापडात कुठलं पाप दिसतं ते त्यांना सांगता येईना.

आम्ही लहान मुली लुगड्यात अगदी सोंगं दिसायचो. घरोघर हसून हसून पुरेवाट झाली. माझी आई तर म्हणाली, "शिमगा लवकर आला म्हणायचा."

आक्काच्या आईने मात्र जुनेर दिलं नाही. मी मुद्दाम मागायला गेले. ती जात्याजवळ बसली होती. म्हणाली, "आमची परकरातच खेळंल."

"पण मावशी, परकरात पळता येत नाही. सगळ्याच नेसणार आहेत."

"बाकीच्या ल्हान हायती. त्यांचं काय न्हाई." आणि तिने जातं ओढायला सुरुवात केली, म्हणजे बोलणं संपलं.

मला वाटलं, कवडीचुंबक बाई आहे, एक विरलेलं लुगडं सुटत नाही हातून. मी घरी आले आणि आईच्या पेटीतून तिचं काळं जुनेर काढून माझ्या गाठोड्यात घातलं. हे पुरतं होतं, फाडलेलं नव्हतं. आईला विचारलं नाही. आक्कालाही सांगितलं नाही.

चाकणला आम्ही कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून गेलो. ट्रक पुण्याला माल उतरवून परत चालला होता. भोसरी, मोशी मागे पडली तशी पावसाची झड सुरू झाली. आम्ही खोळी पांघरून, कांद्याच्या पातीत पाय खुपसून बसलो होतो आणि गाणी म्हणत होतो. आक्का पांढरा परकर गुडघ्यांशी आवळून मधोमध बसली होती. मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, त्या परकराला खालून चार वेगवेगळ्या कापडांच्या पट्ट्या जोडलेल्या होत्या.

तो बाजारचा दिवस होता. मैदानाभोवती बाजाराला आलेले लोक पोती पांघरून उभे होते. पहिल्या डावात आमची धावायची पाळी होती. आक्का आमची सगळ्यांत वेगवान धावणारी, पण परकर भिजलेला. खुंटाशी वळताना तो तिच्या गुडघ्यात अडकला आणि ती पहिल्याच मिनिटाला बाद झाली. तिच्यामागोमाग आमची फळी कोसळली. आम्ही चांगल्याच मागे पडलो.

मधल्या सुट्टीत ती शाळेच्या भिंतीमागे एकटी उभी होती. रडत नव्हती, परकर पिळत होती. पिळून काय होणार, वरून पाऊस होताच. मी गाठोडं सोडलं आणि जुनेर तिच्यापुढे धरलं.

तिने हात पुढे केला नाही. कापडाकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं.

"हितं आपल्या गावचं कोन हाय का गं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. मी खरंच बघून आले होते. "नेस लवकर, शिट्टी होईल."

तिने ते झटक्यात नेसलं. आम्हाला आठ दिवस लागले होते काष्टा शिकायला, आणि तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. ती वळली तेव्हा मी जरा बावरले. आम्ही सोंगं दिसत होतो आणि ती बाई दिसत होती. उंच, भरलेली, चांगली शोभणारी बाई.

ती मैदानात आली तशा बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. जूनमध्ये ऐकलेलं त्यांना आठवलं असणार. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पंचांनी शिट्टी दिली, आणि आम्ही मागे होतो. बाई खाली बसल्या.

त्या डावात आक्काला कुणी शिवू शकलं नाही. मी पुढे आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवला, राज्याला खेळलेल्या मुली माझ्या हाताखालून गेल्या, पण तसं धावणं मी पुन्हा पाहिलं नाही. चिखलात तिची पावलं रुतत नव्हती की सरकत नव्हती. ती खुंटाला वळसा घालायची, पाठलाग करणारीला अगदी हाताशी येऊ द्यायची आणि निसटायची. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी ती थांबेना, बाईंनी जाऊन तिला धरलं. ती मोठमोठ्याने हसत होती. शेळ्यांची हजेरी घेताना न हसणारी आक्का हसताना मी त्या दिवशी पाहिली. सामना आम्ही जिंकलो.

मी कडेला खोळ पांघरून बसले होते. डोक्याला चांगला पटका बांधलेला एक म्हातारा माझ्याजवळ आला. हातात छत्री होती, ती त्याने माझ्यावर धरली.

"पोरी, ती काळ्या लुगड्यातली कुनाची गं?"

मला कोण अभिमान वाटला. माझी कल्पना, माझ्या आईचं जुनेर, माझी मैत्रीण. मी गाव सांगितलं, वडिलांचं नाव, आडनाव, नदीच्या वरच्या अंगाला घर. तो विचारत गेला आणि मी सांगत गेले. बैल किती, भावंडं किती. अजून लग्न व्हायचं आहे, हेही मीच सांगितलं. त्याने मला बाजारातली गोडी शेव दिली, कागदात बांधलेली. मी कुणाला न देता एकटीने खाल्ली.

परतताना ट्रकमध्ये आक्काने जुनेर सोडलं, पुन्हा परकर नेसली आणि जुनेर तिच्याच गाठोड्यात बांधलं. "धुऊन देते," म्हणाली.

आठ-दहा दिवसांनी तिच्या घरी चाकणजवळच्या महाळुंग्याहून दोन माणसं आली. त्यातला एक पटकेवाला म्हातारा. नातवासाठी मुलगी बघायला आलोय, म्हणाले. आक्काचे वडील म्हणाले, "आमची पोर अजून परकरात हाय." त्यावर ते दोघं हसले. म्हणाले, "पाटील, आमी डोळ्यांनी पायली हाय. लुगड्यात पायली. चार गावांनी पायली." हे मला नंतर आक्काच्या धाकट्या भावाने सांगितलं, तो दारातच खेळत होता. वडील उठून आत गेले, आक्काचं गाठोडं सोडलं तर त्यात काळं जुनेर निघालं.

दुसऱ्या दिवसापासून आक्का शाळेत आली नाही. बाई त्यांच्या घरी गेल्या. वडिलांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, शबुद मी मोडला न्हाई. तुमी मोडला." बाईंनी पाणीही घेतलं नाही. जुनेर कुणी आणलं हे त्यांनी आम्हाला कधीच विचारलं नाही. संघ आपला होता आणि शिट्टीच्या आधी आपण थांबवायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या.

मग आक्काची आई आमच्याकडे आली. जुनेर धुऊन, घडी घालून, वर चार कणसं ठेवून. मोकळ्या हाताने कुणाचं कापड परत करत नाहीत. माझ्या आईला म्हणाली, "तुमचं हाय." आईला काहीच ठाऊक नव्हतं, ती माझ्याकडे बघायला लागली. आक्काची आई उंबऱ्यातच टेकली.

"दोन वर्सं झाली तिला मोठी होऊन," ती हळूच म्हणाली. "मालकांस्नी कळू दिलं न्हाई. परकर आखूड झाला की रातीच पट्टी जोडायची. फायनलपातुर रेटायचं हुतं मला. तिला म्हाईत हुतं, मला म्हाईत हुतं. तिसऱ्याला न्हाई."

मला ती काहीच बोलली नाही. बोलली असती, थोबाडीत दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती गेल्यावर आईने जुनेर पेटीत ठेवलं, पण पुन्हा ते नेसली नाही. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि भीती जास्त होती. कारण जुनेराचं सगळ्यांना कळलं होतं, पण चाकणला म्हाताऱ्याला घरचा पत्ता कुणी दिला, ते अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर आक्काचं लग्न लागलं. हळदीच्या दिवशी मी गेले. तिला पाटावर बसवलं होतं, बायका आत-बाहेर करत होत्या. जरा सामसूम झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं. ती माझ्यावर रागावली नव्हती. उलट तिने माझा हात धरला.

"तू जुनेर दिलंस त्याचं मला काय वाटत न्हाई," ती म्हणाली. "नेसले मी. मला कळत हुतं काय करते ते. पर चाकणात मला कोन वळखत हुतं? आपल्या गावचं कुत्रंसुदिक नव्हतं तितं. मग त्यांस्नी आमचं घर दावलं कुनी?"

मी म्हणाले, "कुणास ठाऊक."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "बाईंनीच सांगितलं आसंल. त्यांच्यापाशी समद्यांची नावं हुती कागदावर. त्यांचा माझ्यावर लई जीव हुता असं मी समजत हुते."

मला तिथेच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाहेर वाजंत्री चालली होती, कुणीतरी हळदीची वाटी घेऊन आलं, आणि मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाई लग्नाला आल्या. त्यांनी आक्कासाठी एक पाटी-पेन्सिल आणि सातवीची पुस्तकं कागदात बांधून आणली होती. सासरी जमलं तर बाहेरून फायनलला बस, असं सांगणार होत्या. महाळुंग्याचे लोक तसे बरे वाटतात, म्हणाल्या, विचारून बघते. अक्षता पडल्यावर त्या मांडवात तिच्यासमोर गेल्या. आक्काने मान वर केली नाही. बाईंनी पुडकं पुढे केलं, तिने पदराखालचे हात बाहेर काढले नाहीत. बाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग कुणीतरी "सरका, सरका" म्हणालं आणि त्या बाजूला झाल्या.

परत येताना नदीच्या उतारावर त्यांनी मला विचारलं, "माझ्यावर रागावली आहे का ग ती?" पुडकं त्यांच्या काखेतच होतं.

मी म्हणाले, "नाही, बाई. लाजली असेल."

त्याच वर्षाच्या अखेरीस बाईंची बदली झाली. मी मार्चात फायनलला बसले, पास झाले आणि पुढे मास्तरीण झाले. आक्का महाळुंग्यात संसार करत राहिली, पाच लेकरं झाली, फायनलला कधी बसली नाही. मला भेटायची तेव्हा हात धरायची आणि मायेने बोलायची. बाईंचं नाव मात्र तिने पुन्हा काढलं नाही. काही वर्षांपूर्वी आधी बाई गेल्या, मग आक्का गेली. बाईंनी तिला धोका दिला, असं समजून ती गेली.